नॉर्मन विल्किन्सनचा समुद्र : साउथसी ते ग्रीनिच

नॉर्मन विल्किन्सन (१८७८–१९७१) हा विसाव्या शतकातला नामवंत ब्रिटिश सागरचित्रकार. साप्ताहिकांसाठी जहाजांची चित्रे काढण्यापासून त्याने सुरुवात केली. पुढे रेल्वेची भित्तिपत्रके, प्रवासी जहाजांच्या दालनांतली मोठी तैलचित्रे, जलरंग, कोरीव छापचित्रे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सागरी लढायांची दीर्घ चित्रमालिका असा त्याच्या कामाचा पसारा वाढत गेला. नौदलाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव एका निराळ्याच कामामुळे राहिले. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या माऱ्यातून जहाजे वाचावीत म्हणून ती आडव्यातिडव्या पट्ट्यांनी रंगवण्याची ‘डॅझल’ पद्धत त्याने सुचवली आणि स्वतः राबवली. त्याचे आयुष्य बंदरांच्या काठाकाठाने गेले. त्यामुळे साउथसीपासून ग्रीनिचपर्यंत त्याच्या मागोमाग प्रवास करता येतो आणि त्यातले बहुतेक मुक्काम आजही प्रवाशाला खुले आहेत.

त्याच्या आयुष्याचा पहिला मुक्काम मात्र समुद्रापासून दूर आहे. विल्किन्सनचा जन्म २४ नोव्हेंबर १८७८ रोजी केंब्रिजमध्ये झाला. तिथली कॅम नदी चपट्या तळाच्या होड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या जहाजांचे तिथे काही काम नाही. शालेय शिक्षण बर्कहॅमस्टेडला आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या गायकवृंदासाठी चालवल्या जाणाऱ्या शाळेत झाले. चित्रकलेचे खरे शिक्षण सुरू झाले ते दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथ आणि साउथसीच्या कलाशाळेत. पुढे काही काळ त्याने तिथेच शिकवलेही.

लंडनच्या नैर्ऋत्येला, आगगाडीने साधारण दोन तासांवर पोर्ट्समथ आहे आणि त्याचाच समुद्राकडचा भाग म्हणजे साउथसी. समोर सोलंटची सामुद्रधुनी, पलीकडे आयल ऑफ वाइट बेट, आणि मधल्या पाण्यात एकोणिसाव्या शतकात बांधलेले गोल जलदुर्ग. किनाऱ्यावरचा साउथसीचा किल्ला आठव्या हेन्रीने १५४४ मध्ये उभारला. दुसऱ्याच वर्षी याच किल्ल्यासमोर त्याचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज बुडाले. बंदराचे तोंड इतके अरुंद आहे की आत-बाहेर करणारी प्रत्येक युद्धनौका जुन्या गोल बुरुजापासून हाकेच्या अंतरावरून जाते. बुरुजावर उभे राहिले की आधी नाळ दिसते, मग तोफा, मग धुराडी, शेवटी पिछाडीवरचे निशाण. एकच जहाज समोरून येताना, आडवे होताना आणि पाठमोरे जाताना किती वेगवेगळे दिसते, ते इथे काही मिनिटांत कळते. सागरचित्रकाराला याहून चांगली शाळा मिळणे कठीण. आज याच बंदरात नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ सुक्या गोदीत उभे आहे आणि शेजारच्या संग्रहालयात ‘मेरी रोझ’चा वर काढलेला सांगाडा आहे. विल्किन्सनच्या तरुणपणी ‘व्हिक्टरी’ अजून पाण्यावर तरंगत होते.

१८९८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या चित्रसाप्ताहिकात त्याचे चित्र पहिल्यांदा छापले गेले आणि या साप्ताहिकाशी त्याचे नाते पुढे अनेक वर्षे टिकले. त्या काळी कॅमेरा होता, छपाईची सोयही झाली होती. पण वादळात सापडलेले जहाज, रात्रीची टक्कर, धुराने भरलेली तोफांची लढाई ही दृश्ये कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. बातमी आली की साक्षीदारांच्या हकिकती, जहाजाचे आराखडे आणि स्वतःची नजर यांच्या बळावर चित्रकाराने प्रसंग उभा करायचा, तोही छपाईच्या मुदतीत. चूक झाली तर पकडणारे वाचक असंख्य होते, कारण दर्यावर्दी देशात जहाज ओळखणारे घराघरांत असतात. कोणत्या जहाजाला किती धुराडी, डोलकाठी कुठे, तोफेचा मनोरा नाळेपासून किती दूर, हे सगळे त्याच्या बोटांत भिनले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द रॉयल नेव्ही’ या रंगीत ग्रंथाची चित्रे काढण्याचे काम त्याच्याकडे आले, ते या तयारीमुळेच. जहाज हुबेहूब ओळखू येईल असे काढण्याची ही वर्षानुवर्षांची सवय पुढे अगदी उलट कामासाठी उपयोगी पडली.

दरम्यान त्याने दोन ठिकाणी शिक्षणासाठी मुक्काम केला. एक पॅरिस, जिथे तो मनुष्याकृतीचे रीतसर शिक्षण घ्यायला गेला. त्याच्या चित्रांत माणसे कायम लहानच राहिली, त्यामुळे त्या मुक्कामाचा ठसा फारसा शोधत बसू नये. दुसरा मुक्काम कॉर्नवॉलमधले सेंट आइव्हज, आणि तो महत्त्वाचा. तिथे लुई ग्रियर या सागरदृश्यांच्या चित्रकाराकडे तो शिकला.

सेंट आइव्हजला जायला सेंट अर्थ स्थानकावर मुख्य गाडी सोडून छोट्या फाट्यावरची गाडी धरावी लागते. १८७७ मध्ये सुरू झालेला हा सुमारे सात किलोमीटरचा मार्ग खाडीच्या आणि समुद्राच्या काठानेच जातो. डब्यात डावीकडे बसणाऱ्याला फार काही दिसत नाही. जाताना उजवी बाजू धरावी. ओहोटीला गावचे बंदर पूर्ण कोरडे पडते, होड्या वाळूवर कलंडतात, आणि भरती आली की तासा-दोन तासांत तिथेच हिरवट निळे पाणी डुलू लागते. तीन बाजूंनी समुद्र असल्याने उजेड सतत परावर्तित होत राहतो. १८८० नंतर चित्रकारांनी इथे वस्ती केली आणि शिडे ठेवायच्या व मासळी खारवायच्या जागांच्या चित्रशाळा केल्या. पोर्थमिओर किनाऱ्यालगतच्या अशा जुन्या चित्रशाळा आजही वापरात आहेत. १९९३ पासून त्याच किनाऱ्यावर टेट कलादालनाची शाखाही आहे. विल्किन्सनच्या जलरंगांत क्षितिज बरेचदा खाली असते, चित्राचा मोठा भाग आकाशाला दिलेला असतो आणि पाणी आकाशाच्या रंगात भिजलेले असते. सेंट आइव्हजचा उजेड पाहिलेल्याला त्याचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही.

१९०५ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने त्याला आयर्लंडच्या प्रवासाची जाहिरात करणारे भित्तिपत्रक काढायला सांगितले. वेल्समधल्या हॉलीहेडहून या कंपनीची जहाजे डब्लिनला जात. तोवर रेल्वेची भित्तिपत्रके म्हणजे दाटीवाटीचा मजकूर, वेळापत्रक, चौकटी-चौकटींतली देखाव्यांची छोटी चित्रे आणि भोवती वेलबुट्टी. विल्किन्सनने हे सारे काढून टाकले. मोठे आकाश, मोठा समुद्र, त्यात एक छोटी आगबोट आणि खाली मोजके शब्द. आज हे साधे वाटते, पण फलाटावरच्या गर्दीत दूरवरून दिसेल असे रेल्वेचे भित्तिपत्रक त्यामुळे रूढ झाले. पुढे १९२४ च्या सुमारास लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी त्याने रॉयल अकॅडमीच्या नामवंत चित्रकारांकडून भित्तिपत्रकांची मालिका करून घेतली. त्याची स्वतःची भित्तिपत्रकेही अनेक आहेत. त्यांत स्कॉटलंडची सरोवरे, डोंगर आणि गोद्या ठळकपणे दिसतात. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात या भित्तिपत्रकांचा मोठा संग्रह आहे, आणि विल्किन्सनची रंगांची शिस्त समजून घ्यायला ती जागा उत्तम. चार-पाच सपाट रंगांत डोंगर, पाणी आणि धुके उभे करण्याचे हे कसब नुसत्या जलरंगांतून दिसत नाही.

जहाज कंपन्यांनीही त्याला कामे दिली. व्हाइट स्टार लाइनच्या ‘ऑलिंपिक’ आणि ‘टायटॅनिक’ या जुळ्या जहाजांवर पहिल्या वर्गाच्या धूम्रपानगृहात शेकोटीवर लावायला त्याने दोन तैलचित्रे केली. ‘ऑलिंपिक’वर होते नव्या जगाकडे पोहोचणाऱ्या जहाजाचे, न्यूयॉर्क बंदराचे दृश्य. ‘टायटॅनिक’वर होते ‘प्लिमथ हार्बर’. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे ‘टायटॅनिक’ बुडाले आणि चित्रही अटलांटिकच्या तळाशी गेले. ते कसे होते याबद्दल पुढे बरेच गोंधळ झाले. अनेक वर्षांनी चित्रकाराच्या सामानात त्याची छोटी प्रत सापडली आणि तिच्यावरून त्याचा मुलगा रॉडनी विल्किन्सन याने मोठी प्रतिकृती केली. ती साउदॅम्प्टनच्या सीसिटी संग्रहालयात पाहता येते. ‘टायटॅनिक’ याच बंदरातून निघाले होते, आणि त्यावरच्या खलाशी-कामगारांतले बरेच जण याच गावचे होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा विल्किन्सन पस्तीस वर्षांचा होता. नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलातून तो भूमध्य समुद्रात गेला. जिब्राल्टर, मग दार्दनेल्स, मग गॅलिपोली. इस्तंबूलकडे जाणारी दार्दनेल्सची सामुद्रधुनी सुमारे साठ किलोमीटर लांब आहे आणि चनाक्कलेजवळ तिची रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटर उरते. १८ मार्च १९१५ रोजी ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने तोफांच्या जोरावर ती ओलांडायचा प्रयत्न केला. पाण्यातल्या सुरुंगांनी आणि काठावरच्या तुर्की तोफांनी तो उधळला. मग एप्रिलमध्ये द्वीपकल्पावर सैन्य उतरवले गेले, ऑगस्टमध्ये सुव्हलाच्या उपसागरात पुन्हा एकदा. विल्किन्सनने ही मोहीम जहाजावरून पाहिली आणि रेखाटली. त्याच वर्षी त्याचे ‘द दार्दनेल्स’ हे रंगीत रेखाटनांचे पुस्तक निघाले. ७ ऑगस्ट १९१५ रोजी सुव्हलाच्या ‘सी’ किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याचे त्याचे चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे.

आज चनाक्कलेहून गॅलिपोली द्वीपकल्पावर जाता येते, आणि २०२२ पासून सामुद्रधुनीवर दोन हजार तेवीस मीटरच्या मुख्य गाळ्याचा प्रचंड झुलता पूलही आहे. सुव्हला मात्र मुख्य प्रवासी मार्गापासून बाजूला राहते. मागे खारे तळे, दक्षिणेला लाला बाबाची बुटकी टेकडी, पलीकडे तपकिरी डोंगररांगा, आणि समोर ईजियनचे स्वच्छ निळे पाणी. लपायला जागा नसलेला हा सपाट किनारा पाहिला की विल्किन्सनच्या चित्रांतली जहाजे आणि माणसे इतकी उघड्यावर का वाटतात, त्याचा उलगडा होतो.

पाणबुड्यांचे संकट या काळात वाढत चालले होते, आणि त्याची झळ मुंबईच्या वाटेवरही लागली. ३० डिसेंबर १९१५ रोजी लंडनहून मुंबईकडे निघालेले पी अँड ओ कंपनीचे ‘पर्शिया’ हे प्रवासी जहाज क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवले; ३४३ माणसे दगावली. जून १९१७ मध्ये त्याच कंपनीचे ‘मंगोलिया’ मुंबईच्या दक्षिणेला, कोकण किनाऱ्यासमोर बुडाले. ते ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगाला बळी पडले होते. सुरुंगापुढे कोणताही रंग कामाचा नसतो. विल्किन्सनची युक्ती फक्त टॉर्पेडोसाठी होती. १९१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीने पाणबुड्यांवरची सगळी बंधने काढून टाकली आणि एप्रिलमध्ये जहाजांचा नाश शिगेला पोहोचला. दिवसाला अनेक जहाजे बुडत होती. ब्रिटनचे धान्य समुद्रमार्गे येत असे. हे असेच चालू राहिले तर देशाची उपासमार दूर नव्हती.

त्या एप्रिलमध्ये विल्किन्सन प्लिमथला होता. डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर सुरुंग काढणारी ऐंशी फुटी मोटारबोट त्याच्या हाताखाली होती. प्लिमथचे बंदर पाहायचे तर ‘हो’ नावाच्या उंच हिरव्या पठारावर जावे. तिथे स्मीटनचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा जुना दीपस्तंभ आहे, खाली ड्रेकचे बेट, पुढे लाटा अडवणारा लांब बांध, आणि हवा स्वच्छ असेल तर बावीसेक किलोमीटरवर एडिस्टनच्या खडकावरचा दिवा. डेव्हनपोर्टच्या गोद्या पश्चिमेला, टेमर नदीच्या मुखात. क्रेमिलला जाणाऱ्या छोट्या फेरीबोटीतून या पाण्यावरची जहाजांची वर्दळ जवळून दिसते. विल्किन्सनला इथे सैन्य वाहून नेणारी जहाजे काळ्या रंगात रंगवलेली दिसत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या आकृतीइतके सोपे लक्ष्य दुसरे नाही.

एप्रिलच्या अखेरीस सुटीत मासे पकडून तो आगगाडीने डेव्हनपोर्टला परतत होता. त्या प्रवासात त्याला कल्पना सुचली, असे त्याने स्वतः सांगितले आहे. समुद्रावर जहाज लपवता येत नाही. धूर निघतो, आकाश घटकेत बदलते, सकाळी जुळणारा राखाडी रंग दुपारी उठून दिसतो. मग लपवण्याचा नाद सोडून ते असे रंगवावे की पाहणाऱ्याला ते कोणत्या दिशेने चालले आहे हेच नीट कळू नये.

यातली खोच समजायला पाणबुडीच्या कप्तानाची अडचण माहीत हवी. बारा नॉट वेगाने जाणारे जहाज सेकंदाला सुमारे सहा मीटर पुढे सरकते. पस्तीस नॉट वेगाचा टॉर्पेडो हजार मीटर अंतर कापायला पंचावन्न-छपन्न सेकंद घेतो. तेवढ्यात जहाज साडेतीनशे मीटर पुढे गेलेले असते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून कितीतरी जास्त. म्हणून टॉर्पेडो जहाजावर नाही, जहाज पुढे जिथे पोहोचेल त्या जागेवर सोडावा लागतो. त्यासाठी जहाजाचा वेग, अंतर आणि मुख्यतः दिशा यांचा अंदाज पेरिस्कोपमधून, काही क्षणांत बांधायचा. पेरिस्कोप फार वेळ वर ठेवला तर तोच दिसून येतो. शिवाय पाण्याखाली पाणबुडीचा वेग बेताचा. एकदा चुकीच्या जागी जाऊन थांबली की तिला पुन्हा पुढे येऊन नेम धरता येत नाही. दिशेच्या अंदाजात आठ-दहा अंशांची चूक झाली तरी पुरे. विल्किन्सनने वारंवार स्पष्ट केले की त्याचा उद्देश कप्तानाने मुळात चुकीची जागा घ्यावी हा होता. नेम धरताना हात चुकावा ही अपेक्षा त्यात नव्हती.

नौदलाने ‘इंडस्ट्री’ नावाचे छोटे सामानवाहू जहाज प्रयोगासाठी दिले. मे १९१७ मध्ये ते रंगवून किनाऱ्यालगत फिरवण्यात आले आणि वाटेतल्या निरीक्षकांकडून नोंदी मागवल्या. अनुकूल अहवाल आल्यावर काम झपाट्याने वाढले. ऑगस्टमध्ये ‘अल्सेशियन’ ही नौदलाची पहिली नौका या पद्धतीने रंगली, आणि ऑक्टोबरपासून व्यापारी जहाजांसाठी ही पद्धत सर्वत्र लागू झाली. जागेची अडचण होती. रॉयल अकॅडमीने लंडनच्या पिकॅडिलीतल्या बर्लिंग्टन हाउसमध्ये खोल्या दिल्या. आज उन्हाळी प्रदर्शनासाठी लोक ज्या चौकातून आत जातात, त्याच इमारतीत युद्धाचा हा कारखाना चालला.

कामाची रीत अशी होती. प्रत्येक प्रकारच्या जहाजाचे लाकडी छोटे प्रारूप बनवायचे. त्यावर धुऊन काढता येईल अशा रंगाने आराखडा काढायचा. मग ते फिरत्या मेजावर ठेवून, मागे कधी ढगाळ, कधी उजळ आकाशाचा पडदा लावून, पेरिस्कोपमधून पाहायचे. मेज हळूहळू फिरवले जाई. दिशा अचूक ओळखता आली तर आराखडा पुसून पुन्हा. जमला, की त्याचा रंगीत तक्ता तयार होई, डाव्या आणि उजव्या बाजूचा वेगळा, कारण दोन्ही बाजू मुद्दाम निराळ्या ठेवल्या जात. तक्ता बंदरात जाई आणि तिथला नेमलेला चित्रकार गोदीत उभा राहून रंगाऱ्यांकडून तो जहाजावर उतरवून घेई. प्रारूपे करणाऱ्यांत आणि तक्ते रंगवणाऱ्यांत कलाशाळांतल्या बऱ्याच तरुण स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी एव्हलिन मॅकेन्झी हिच्याशी विल्किन्सनचे १९१८ मध्ये लग्न झाले.

इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातली ही प्रारूपे हातभर लांबीचीही नाहीत, पण जवळून पाहिली तर सगळी विद्या त्यांत दिसते. नाळेवरचे काळे-पांढरे पट्टे मागच्या बाजूला झुकवलेले असतात, त्यामुळे पुढचे टोक नेमके कुठे संपते ते कळत नाही. एखादा निळा पट्टा कठड्यावरून निघून खोल्यांच्या भिंतीवर आणि तिथून धुराड्यावर चढतो, आणि एकामागे एक असलेल्या तीन वस्तू एकाच पातळीत आल्यासारख्या वाटतात. जहाजाची दिशा डोळा ओळखतो ती नाळ, ब्रिज (जहाज हाकण्याचा उंच मंच) आणि धुराडी यांच्या परस्पर संबंधावरून. नेमका तोच संबंध इथे तोडलेला असतो. यात कुठेही नुसती सजावट नाही. दूरवरून जहाज ओळखताना डोळा कशाकशाचा आधार घेतो, हे वीस वर्षे कागदावर उतरवलेल्या माणसालाच ते आधार एकेक करून काढून घेता येतील.

पाचवा जॉर्ज राजा बर्लिंग्टन हाउसला आला तेव्हाचा प्रसंग विल्किन्सनने आत्मचरित्रात सांगितला आहे. राजा स्वतः नौदलात वाढलेला. पेरिस्कोपमधून पाहून त्याने प्रारूपाची दिशा दक्षिणेची सांगितली. ते वास्तविक पूर्व-आग्नेयेकडे ठेवलेले होते, आणि इतके फसायला होईल यावर राजाचा विश्वास बसेना. १९१८ च्या सुरुवातीला विल्किन्सन वॉशिंग्टनला गेला, तेव्हा नौदलाचा उपमंत्री असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्टला भेटला आणि अमेरिकी नौदलाला ही पद्धत शिकवून आला. ब्रिटनमध्ये युद्ध संपेपर्यंत चार हजारांहून अधिक व्यापारी जहाजे आणि सुमारे चारशे लढाऊ नौका या पद्धतीने रंगल्या.

लिव्हरपूलच्या गोद्यांत या कामावर देखरेख करणाऱ्यांत एडवर्ड वॉड्सवर्थ हा आधुनिक वळणाचा चित्रकार होता. त्याने १९१९ मध्ये काढलेले, सुक्या गोदीतल्या पट्टेरी जहाजाचे मोठे चित्र आता कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय दालनात आहे. डॅझलचा संबंध अनेकदा घनवादाशी जोडला जातो. पण विल्किन्सन स्वतः परंपरेत वाढलेला, देखावा देखाव्यासारखा काढणारा चित्रकार होता आणि त्याच्या पट्ट्यांमागचा हिशेब पेरिस्कोपचा होता. मार्च १९१९ मध्ये चेल्सी आर्ट्स क्लबने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरवलेल्या नृत्यसमारंभात लोक डॅझलच्या पट्ट्यांचे कपडे घालून नाचले. चित्रकारांनी डॅझलला आपलेसे केले ते असे, मागाहून. लिव्हरपूलच्या अल्बर्ट गोदीजवळ ‘एडमंड गार्डनर’ ही जुनी वाटाड्यांची बोट २०१४ मध्ये कार्लोस क्रुझ-दिएझ याने याच प्रेरणेने रंगवली. मर्सी नदीवरच्या ‘स्नोड्रॉप’ या फेरीबोटीला २०१५ मध्ये पीटर ब्लेकने असाच साज चढवला.

डॅझलचा उपयोग किती झाला, याचे उत्तर आकडे ठामपणे देत नाहीत. त्याच काळात जहाजे काफिल्याने, युद्धनौकांच्या संरक्षणात जाऊ लागली होती, आणि नुकसान घटले त्याचे मोठे श्रेय काफिल्यांना द्यावे लागते. ब्रिटिश नौदलाच्या समितीने १९१८ मध्ये तपासणी केली, तेव्हा रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या जहाजांच्या नुकसानीत निर्णायक फरक तिला आढळला नाही. रंगामुळे अपाय मात्र काही नाही आणि खलाशांचा धीर वाढतो, म्हणून पद्धत चालू ठेवावी असे ठरले. हा धीर कमी लेखण्यासारखा नव्हता. आपल्या जहाजासाठी कोणीतरी विचार केला आहे, हे भरसमुद्रात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दिसत होते.

श्रेयाचा वादही झाला. ग्लासगोचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहॅम कर यांनी १९१४ मध्येच चर्चिलला पत्र लिहून प्राण्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखे रंग जहाजांना द्यावेत असे सुचवले होते. शोधांच्या बक्षिसांसाठी नेमलेल्या आयोगाने १९२२ मध्ये विल्किन्सनच्या बाजूने कौल देऊन त्याला दोन हजार पौंड दिले. तो निर्णय योग्यच होता. कर यांचे विचार जहाज अदृश्य करण्याकडे झुकत होते. दिशेचा अंदाज फसवणे हे एकच लक्ष्य ठेवून त्यासाठी माणसे, प्रारूपे आणि बंदरोबंदरीची यंत्रणा उभी करण्याचे काम विल्किन्सनचे. कर यांनी आधी पत्र लिहिले, ही नोंद त्याने बाद होत नाही.

दोन युद्धांच्या मधल्या काळात विल्किन्सन पुन्हा चित्रांकडे आणि भित्तिपत्रकांकडे वळला. जलरंगकारांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा तो १९०६ पासून सदस्य होता. १९३६ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाने त्याला धावपट्ट्या आणि विमानतळ शत्रूच्या नजरेआड करण्याच्या कामावर घेतले आणि एअर कमोडोरचा हुद्दा दिला. लंडनमध्ये टॉवर ब्रिजजवळ नांगरलेल्या ‘बेलफास्ट’ या क्रूझरवरचे तुटक रंगपट्टे त्याच युद्धातले आहेत आणि डॅझलचा वारसा त्यांत सहज ओळखू येतो. तोवर रडार आले होते आणि नजरेला फसवून सर्व काही साधण्यासारखे राहिले नव्हते.

या युद्धातले त्याचे मोठे काम ‘सागरावरचे युद्ध’ या चित्रमालिकेचे. प्रमुख सागरी लढाया आणि मोहिमांची ५४ चित्रे त्याने काढली. नॉर्मंडीवर सैन्य उतरले त्या ६ जून १९४४ रोजी तो ‘जर्व्हिस’ या विनाशिकेवर होता, वय पासष्ट. त्या दिवसाची चित्रेही मालिकेत आहेत. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत ती प्रथम मांडली गेली, नंतर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला फिरली. विल्किन्सनने मोबदला न घेता संपूर्ण मालिका राष्ट्राला दिली. १९४८ मध्ये त्याला ‘सीबीई’ हा सन्मान मिळाला. ‘अ ब्रश विथ लाइफ’ हे आत्मचरित्र १९६९ मध्ये निघाले आणि १९७१ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

ही चित्रमालिका लंडनच्या ग्रीनिचमध्ये, राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या ताब्यात आहे. टॉवरजवळच्या धक्क्यावरून नदीतल्या बोटीने गेले तर ‘बेलफास्ट’ वाटेतच दिसते. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. सगळी चित्रे एकाच वेळी भिंतीवर नसतात, म्हणून जाण्याआधी संग्रहालयाच्या सूचीत विल्किन्सनचे नाव शोधावे आणि काय मांडलेले आहे ते पाहून दिवस ठरवावा. त्याच्या कामाचे एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल, तर बाकी सगळी सोडून ग्रीनिचला जावे.